पाकट बघायला

१० नोव्हेंबर १९९६

ही डायरी ९४ सालची आहे. कुठल्यातरी केमिकल कंपनीने वाटलेली. आईच्या एका गिऱ्हाइकाने तिला दिली, तिने माझ्या अंगावर टाकली. तारखा बरोबर, वार सगळे चुकीचे. वाराकडे बघायचं नाही.

लिहायचं कारण नीला मॅडम. म्हणाल्या, "पाण्यातून वर आलात की काय बघितलंत ते त्याच दिवशी लिहून काढा. सवय लागू दे, तिकडे रोज करावं लागेल." दहावी सुटल्यापासून मी सही सोडून काही लिहिलेलं नाही. पण नोकरी पाहिजे तर लिहायला पाहिजे.

नोकरी अशी. नीला गुप्ते मॅडम डोंबिवलीच्या. पूर्वी पोहायच्या शर्यती मारायच्या, आता लक्षद्वीपच्या एका बेटावर लोकांच्या पाठीला हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली फिरवून आणतात. तिकडे मांटा म्हणून एक मोठा मासा येतो, तो बघायला लोक लांबून येतात. त्यांना पाण्याला न भिणारा मदतनीस पाहिजे. कोणीतरी सांगितलं की ठाण्याला चेंदणीच्या कोळीवाड्यात परशुराम म्हणून आहे, खाडीत बुडालेली माणसं काढतो. आल्या शोधत.

आईने विचारलं, मांटा म्हणजे काय. मॅडमनी दोन्ही हात पसरून दाखवले, पंख, शेपटी. आई म्हणाली, "म्हंजे पाकट. पाकट बगायला लोक पैसं मोजतात? मार्केटान या, मी फुकट दाखवतें." आईचं म्हणणं बरोबर आहे. पाकट ही काय बघायची वस्तू आहे?

माझी बायको मंजुळा हसली नाही. म्हणाली, "जा तू." तिचं कारण वेगळं. पोलीस चौकीवरून हाक आली की मी जातो. परत आलो की ती दाराबाहेर बादली ठेवते, कपडे बाहेरच राहतात, आणि तीन दिवस मी पोरीला, शकूला, हाताने भरवायचं नाही. मेलेल्याला शिवलेलं म्हणून, आमच्या घरची पद्धत. शकू चार वर्षांची, तिला काय कळतंय. ताट घेऊन माझ्यासमोरच येऊन बसते. मग मंजुळा तिला उचलून नेते आणि ती घर डोक्यावर घेते. पावसाळ्यात तर हाका इतक्या की तीन दिवस संपतच नाहीत.

म्हणून ही नोकरी पाहिजे. ती लागली की खाडी बंद. मंजुळाला तसा शब्द दिलेला आहे.

१६ नोव्हेंबर

आंबिवलीला गेलेलो. काळू नदीत एक माणूस सापडत नव्हता, गावातल्या लोकांनी बुड्या मारमारून हात टेकलेले. मला एका दमात सापडला, कपारीत अडकलेला.

गोमाजीकाकाने शिकवलं तसं केलं. पाठीमागून काखेत हात घालायचा, त्याचं तोंड पलीकडे ठेवायचं, काठाला आणून दुसऱ्यांच्या हातात द्यायचा आणि मागे न बघता बाजूला व्हायचं. तोंड बघायचं नाही. बघितलं की तो आपल्याबरोबर घरी येतो, असं काका म्हणतो. मी असलं काही मानत नाही. बघतही नाही.

त्याची बायको काठावर होती. दोन दिवसांचं पाणी लागलेलं अंग, लोकांनी तिला बघू दिलं नाही, लगेच चादर टाकली. तर तिने माझी ओली बाही धरली. "तोंड कसं होतं हो त्यांचं?" मी म्हटलं, माहीत नाही. सोडेना. "त्रास झाल्यासारखं होतं का? तेवढंच सांगा, दादा." आता मी काय सांगू? माझं काम काढायचं. बाही सोडवून घेतली आणि निघालो.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. काय विचारतात लोक. वर तीन दिवस शकूपासून लांब, ते आहेच.

२४ नोव्हेंबर

डोंबिवलीच्या तरणतलावात पहिला धडा. तिथे गेल्यावर कळलं की जागा एक आणि उमेदवार दोन. हे मॅडम आधी बोलल्या नव्हत्या. दुसरा मधु, कल्याणच्या रामबागेतला, पोहण्यात बक्षिसं मिळवलेला, वय तेवीस आणि तोंडाला कुलूप नाही. "क्या बॉस, खाडीवाले? इथे पाणी साफ आहे, घाबरू नका." पहिल्याच वाक्याला डोक्यात गेला.

पाण्याखाली बसून मास्क काढायचा, परत घालायचा आणि नाकाने फुंकून आतलं पाणी घालवायचं. मधु दोनदा गुदमरून वर आला. मी पहिल्या फटक्यात केलं. मला मास्क असला काय, नसला काय, सारखंच. मॅडम म्हणाल्या, "असं कोणी केलेलं बघितलं नव्हतं." मधुचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

काय बघितलं ते लिहायचं. तळाच्या फरशा गुळगुळीत, सांध्यांत करंगळीचं नख बसतं. उजव्या कोपऱ्यात एक फरशी फुटलेली आहे, धार आहे तिला, कोणाचा तरी पाय कापेल. जाळीपाशी पाणी ओढ घेतं. मॅडमनी नाणं टाकलं ते मधुच्या आधी मी काढलं.

मधु म्हणतो तळाला फरशांचा केवढा तरी निळा मासा केलाय, मस्त दिसतो. मी अख्खा तळ पालथा घातला, मला कुठे लागला नाही. थापाड्या आहे पोरगा.

१९ डिसेंबर

बेटावर जायचा परवाना आलेला नाही. ह्या कागदावर तो शिक्का, त्या कागदावर हा शिक्का, फोटो असा नको तसा पाहिजे. आपल्याच देशात जायला परवाना. मॅडम रोज सांगतात, होईल, होईल. मधे दोन हाका आल्या, दोन्हीला गेलो. सहा दिवस भरवणं बंद. शकूने आता ताट माझ्यापुढे आणणंच सोडलंय. मंजुळा म्हणते, बरं झालं, रडणं वाचलं. मला नाही बरं वाटलं.

१२ जानेवारी १९९७

परवाना आला. इथून पुढे साल बदललं, डायरी दोनदा वापरणार.

गोमाजीकाकाला सांगायला गेलो. छातीत कफ भरलाय त्याच्या, आता पाण्यात उतरत नाही, ओसरीवर बसून जाळं विणतो. म्हणाला, "कुठं पन जा, पान्यान डोलं मिटायचं. बगायचं काम हाताचं." लहानपणापासून हेच ऐकत आलोय. म्हटलं, काका, तिकडचं पाणी काचेसारखं असतं म्हणतात. तर म्हणे, "पानी त्ये पानी."

आईने जाळीदार पिशवीत नारळ दिला, दर्याला सोड म्हणून. मंजुळाने कपडे भरले आणि म्हणाली, "हात हालवत येऊ नको."

२० जानेवारी

बेट. कोचीहून जहाजाने आलो आणि मला जहाज लागलं. कोळ्याच्या पोराला. रस्ताभर ओकलो. मधु लिंबू घेऊन माझ्या उशाला बसलेला, "अरे दादा, होता है." त्याच्याकडून लिंबू घ्यायची वेळ आली, ह्याच्यापेक्षा बुडालो असतो तर बरं. हे कोळीवाड्यात कोणाला कळता कामा नये.

२२ जानेवारी

आज पहिल्यांदा समुद्राखाली. कान दुखले नाहीत, श्वास नीट, सगळं नीट. काय बघितलं ते लिहितो.

पाणी वर कोमट आहे, दोन पुरुष खाली गेलं की एक गार पट्टा लागतो, मग परत कोमट. रेती भरड, रव्यासारखी. दगड खरखरीत, खोबऱ्याच्या किसणीसारखा, मधेमधे भोकं. काही दगडांवर मऊ बुळबुळीत काहीतरी आहे, हात लावला की आत ओढून घेतं. ओढ डावीकडून उजवीकडे.

वर आल्यावर मधुने डोकं उठवलं. जांभळं काय, पिवळं काय, एका माशाच्या अंगावर म्हणे पोपटी आणि गुलाबी एकत्र. लग्नातल्या साड्यांच्या दुकानात गेल्यासारखा बडबडत होता. मीही तिथेच होतो की. एवढं काही नव्हतं. मॅडमसमोर भाव खायचा, दुसरं काय.

मॅडम मलाच ओरडल्या. पोवळ्यांना हात लावायचा नाही, ती जिवंत असतात, मरतात. बरं बाई. माझी चार बोटं कापलीत त्याचं काही नाही.

२४ जानेवारी

आज मांटा आला म्हणे. माझ्या नशिबात नव्हता.

एक जागा आहे, तिथे मोठ्या दगडाभोवती बारके मासे राहतात. मांटा तिथे येऊन थांबतो आणि ते मासे त्याच्या अंगावरचा मळ खातात, न्हाव्याकडे बसल्यासारखा बसून राहतो. आम्ही तळाला गुडघे टेकून बसलो. थोड्या वेळाने माझ्या डोक्यावरून पाणी सरकलं, एखादी होडी वरून गेल्यावर सरकतं तसं. मी म्हटलं लाट असेल. मॅडमनी टाकीवर ठणठण वाजवलं. मी तसाच बसलो, वाजवायचं काय कारण ते कळेना.

वर आलो तर दोघं नाचतायत. मधु म्हणाला, "बॉस, तुझ्या डोक्यावरून गेला, हात वर केला असतास तर लागला असता." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस. तर मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "परशुराम, तुम्हाला खरंच दिसला नाही?"

आता दिसला नाही तर दिसला नाही. माझी काय चूक? एवढं लांब यायचं आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. त्यापेक्षा आईची मासळीची पाटी बरी.

२५ जानेवारी

दोन फेऱ्या. परत तेच. मांटा आला, मधुला दिसला, मॅडमना दिसला, मला नाही. मी दगडाला हात लावला म्हणून बोलणी खाल्ली. आज मॅडम 'तुम्ही' सोडून 'तू'वर आल्या. "तुझे हात सारखे काय शोधत असतात रे?"

मास्क बदलून मागितला, काचेत दोष असेल म्हणून. दुसरा दिला. त्यानेही काही फरक नाही. माझे डोळे गेलेत का बघायला बोटीवरूनच किनाऱ्यावरचे माड मोजले, ते बरोबर दिसतात.

आईचा नारळ सोडला समुद्रात. तरंगत तरंगत बोटीच्या मागेच येत होता, जाईना. मधु हसला. मी त्याला मारणार होतो.

२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन होतं, मुलांनी जिलबी दिली. त्यानंतर जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

पाण्याखाली मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या, हातभर अंतरावर. मला ते कळलंच नाही. त्यांनी माझ्या मास्कवर टकटक केल्यावर कळलं. लगेच वर आणलं. बोटीवर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझे डोळे मिटलेले असतात. खाली जाताना मिटतोस, वर आल्यावर उघडतोस. एवढे दिवस तू काही बघितलेलंच नाहीस."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, मी काय आंधळा आहे का, मला कळणार नाही माझे डोळे उघडे आहेत की मिटलेले? आतापर्यंत किती माणसं काढली मी. मधु खाली बघत होता. म्हणाला, "दादा, मी पण बघितलं. पहिल्या दिवशीच. बोललो नाही." ह्याला बोलायचं नव्हतं, हे अजूनच लागलं. कधी नव्हे ते तोंड बंद ठेवलंन, तेही नको तिथे.

मॅडम म्हणाल्या, "मी इथे येणाऱ्या माणसांना तुझ्या भरवशावर खाली पाठवणार. तुला त्यांच्याकडे बघता आलं पाहिजे. हाताने नाही चालणार." बरोबरच बोलल्या. म्हणूनच जास्त राग आला.

२७ जानेवारी

किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात एकटा गेलो, मास्क घालून. ठरवून डोळे मोठे केले आणि डोकं खाली घातलं. वर आलो तेव्हा लक्षात आलं की मिटलेले होते. परत केलं. परत मिटले. ज्या क्षणी कान पाण्याखाली जातात त्याच क्षणी पापण्या पडतात, मला विचारत नाहीत. सकाळभर तेच. किनाऱ्यावर दोन बाया मासे सुकवत होत्या, त्यांना वाटलं असेल ह्याला वेड लागलं.

मागची पानं वाचली. रेती, दगड, गार, कोमट, फुटकी फरशी. डोंबिवलीचा निळा मासा पण खरा असणार.

खरं लिहितो. मला भीती वाटते. डोळे उघडले तर समोर तोंड असेल आणि ते माझ्याकडे बघत असेल, असं वाटतं. ह्या पाण्यात कोणी मेलेलं नाही, मला माहीत आहे. पापण्यांना माहीत नाही.

२८ जानेवारी

मॅडमनी आज एका हातात पाटी दिली, दुसऱ्या हातात पेन्सिल. पाण्यात लिहिता येतं अशी पाटी असते. म्हणाल्या, "प्रत्येक मांटाच्या पोटावर ठिपके असतात, कुठल्याही दोघांचे सारखे नसतात. त्यावरून तो कोण ते ओळखतात. पोट बघायचं आणि इथे काढायचं. हात दुसरं काही करणार नाहीत, त्यांना हेच काम." हात अडकवले की डोळ्यांवर काम पडेल, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला. पाटी कोरी आली. एकदा उघडले. निळं दिसलं, नुसतं निळं, सगळीकडे, खोल. पेन्सिल सुटली. ती दोरीला बांधलेली होती म्हणून वाचली. मधुच्या पाटीवर दोन मांटा आणि एक कासव.

रेडिओ टेलिफोनवरून आमच्या शेजारच्या किराणावाल्याकडे फोन लावून घेतला. मंजुळा आली. म्हणाली, चौकीवरून माणूस येऊन गेला, तू नाहीस म्हटल्यावर गोमाजीकाका जायला निघालेले, काकीने दारात आडवं होऊन थांबवलं. मी म्हटलं, इकडचं जमेल असं वाटत नाही. मग म्हणाली, "जमव." आणि फोन कटला.

३० जानेवारी

आज सगळं सांगतो.

गुडघे टेकून बसलो. पाटी डाव्या हातात, पेन्सिल उजव्या. डोळे मिटलेलेच. मग डोक्यावरचं पाणी सरकलं, त्या दिवशीसारखं. मला कळलं की तो आलाय. हात वर जायला निघाला, अगदी आपोआप. हातात पाटी होती. पाटी टाकून हात लावला असता तर मला तो कसा आहे ते लगेच समजलं असतं, खरखरीत की गुळगुळीत, केवढा, जड की हलका. पण मग नोकरी गेली. मला असला राग आला, काकाचा, मॅडमचा, त्या पाटीचा. रागाने डोळे उघडले.

तोंड समोर होतं. दरवाजाएवढं, उघडं, आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या केळीच्या पानासारखी शिंगं. बाजूला डोळा. डोळा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. काही झालं नाही.

मग तो वर उचलला गेला आणि पोट दिसलं. पांढरं, कोळीवाड्यातली कोणतीही भिंत इतकी पांढरी नाही. दोन्हीकडे पाच पाच फटी. डाव्या बाजूला तीन ठिपके एका रेघेत, चौथा जरा खाली सटकलेला. मधोमध शाई सांडल्यासारखा एक डाग. उजव्या पंखाचं टोक तुटलेलं, जुनी जखम, भरलेली. शेपटी आखूड. मी काढत गेलो. रेघा वाकड्या आल्या. आईच्या मासळीच्या पाटीत पाकट येतो तो चिखलाच्या रंगाचा आणि मेलेला. हा पाकटच आहे, तिचं बरोबर आहे, पण आईने हा बघितलेला नाही. मी पण नव्हता बघितला, आठवडाभर त्याच्याखाली बसून.

मधुला काय झालं कुणास ठाऊक. तो उसळून वर गेला आणि त्याने मांटाच्या पंखाला हात घातला. मांटाने एक झटका दिला आणि दिसेनासा झाला. पुढे दिवसभर तिथे काही आलं नाही. बोटीवर मॅडमचा आवाज पार किनाऱ्यापर्यंत गेला असेल. मधु रडकुंडीला आला. "मॅडम, राहवलं नाही." मला त्याचं हसू नाही आलं. हाताचं काय असतं ते मला माहीत आहे.

वर येऊन मॅडमनी विचारलं, "पोटावर काय होतं?" मी पाटी न बघता सांगितलं. त्यांनी त्यांची पाटी शेजारी धरली. चौथा ठिपका दोघांचाही खाली सटकलेला होता.

वर आल्यावर रंग पण आठवले. पोपटी आणि गुलाबी एकत्र, खरंच असतं.

३१ जानेवारी

जागा मला. २२ फेब्रुवारीला हजर व्हायचं. मधुने मिठी मारली, "पार्टी चाहिए." इतके दिवस डोक्यात जायचा, आज नाही गेला.

९ फेब्रुवारी

ठाणे. येताना पण जहाज लागलं, असो.

मंजुळा दारातच रडली. चांगल्या कारणाने. आईला ठिपक्यांचं सांगितलं, ती म्हणाली, "पोट तं मी रोज फारतें, मना नाय कंदी ठिपकं दिसलं." शकूला भरवलं, भात आणि कोलंबीचं कालवण. ती आधी मंजुळाकडे बघत होती, चालेल का म्हणून. तिसऱ्या घासाला बघायचं थांबली. एवढा चांगला दिवस गेल्या वर्षात गेला नव्हता. एकवीरेला जाऊन यायचं ठरलं.

१२ फेब्रुवारी

आज चौकीवरून माणूस आला. बाळकुमच्या बाजूला, माजिवड्याचा एक जण सकाळी खाडीत निर्माल्य सोडायला गेलेला, गाळात पाय सरकला, भरतीच्या पाण्यात गेला. मी म्हटलं, मी हे काम सोडलंय. तो म्हणाला, "मग गोमाजीला विचारतो." मुद्दाम बोलला की नाही माहीत नाही. काकाच्या छातीची घरघर आमच्या दारापर्यंत ऐकू येते.

मंजुळा म्हणाली, "खाडी बंद म्हणालेलास." मी म्हटलं, हो. "मग?" तिने बादली उचलून दाराबाहेर नेऊन आपटली. शकू आत होती. तिला कळलं, ती रडलीपण नाही. सगळ्यात राग त्याचाच आला, कोणावर काढायचा ते कळेना. गेलो.

खाडीत उतरलो. डोळे उघडे ठेवले. काळं होतं. हाताच्या तळव्याएवढंही दिसत नाही, चुरचुरतं, गाळ डोळ्यात जातो. काका उगाच नाही म्हणत. तरी मिटले नाहीत. शोधलं हातानेच, दुसरं काय करणार. शर्ट लागला, मग खांदा. पाठीमागून काखेत हात घातला. वर येताना शेवटी पाणी चहाच्या रंगाचं होतं, तिथे थोडा उजेड येतो. तिथे मी त्याला माझ्याकडे वळवला.

चाळिशीचा असेल. मिशी बारीक कातरलेली. ताजी दाढी, हनुवटीच्या डाव्या बाजूला ब्लेड लागलेलं. डोळे अर्धे मिटलेले. कपाळावर आठी नाही. तोंड किंचित उघडं, काहीतरी विचारताना माणूस थांबतो तसं. वाईट नव्हतं. बिचारा माणूस होता. लोकांच्या हातात दिला आणि मागे बघितलं.

त्याची बायको धावत आली तोपर्यंत चादर टाकून गाडीत ठेवलेला, गाडी निघाली पण. ती गाडीच्या मागे चार पावलं गेली आणि परत फिरली. मग ती माझ्याकडे आली, मी अंग पुसत होतो. मला माहीत होतं ती काय विचारणार.

"तुम्ही काढलंत?"

"हो, वहिनी."

"तोंड कसं होतं?"

मी सांगितलं. मिशी सांगितली, कपाळ सांगितलं, आठी नव्हती ते सांगितलं. त्रास झाल्यासारखं नव्हतं ते सांगितलं. हनुवटीला ब्लेड लागलेलं, ते पण सांगितलं. बोलल्यावर वाटलं हे नको होतं बोलायला.

ती म्हणाली, "सकाळी दाढी करताना मी मागून घाई केली. निर्माल्य सोडून या आधी, म्हटलं. तेव्हा कापलं." मग स्वतःच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "इथे ना? डावीकडे?"

"डावीकडे."

"तेच मग," म्हणाली, आणि तिथे गाळातच खाली बसली. आत्तापर्यंत ती रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसून राहिलो, तिच्या घरचं माणूस येईपर्यंत. आमच्यात असं बसत नाहीत.

१३ फेब्रुवारी

उद्या निघायचं. डोळे लाल झालेत खाडीच्या पाण्याने. मंजुळाने सकाळी दुधाच्या घड्या ठेवल्या. न बोलता ठेवल्या, पण ठेवल्या. गोमाजीकाकाला सांगितलं की मी तोंड बघितलं. तो जाळं विणायचा थांबला. म्हणाला, "मंग? आला का घरी?" मी म्हटलं, हो, आलाय. काका परत विणायला लागला. माझ्याबरोबर घरी आलाय हे खरं आहे, त्याची हनुवटी सारखी दिसते. पण तो काही करत नाही. बसून असतो.

तीन दिवस संपायच्या आत मी निघतोय. शकूला भरवायचं राहिलं. मंजुळाला म्हटलं, एक घास. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती, मग शकूचं ताट माझ्यासमोर ठेवून आत गेली.

आंबिवलीच्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं. ती अजून विचारत असेल कोणा ना कोणाला. माझ्याकडे तिला सांगायला काही नाही.